भाकऱ्या करण्यात येत असत

प्रश्न : तुमच्या लेखनशैलीत तुम्हाला स्वतःला कोणती उणीव जाणवते? ती कधी लक्षात आली?

माझ्या लिखाणात माणसं नसतात. कामं होत राहतात, ती करणारं कोणी दिसत नाही.

26 वर्षं एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत काढली. रुजू झालो तेव्हा आपल्याला लिहिता येतं असा माझा समज होता. पहिल्याच आठवड्यात टिपणीत 'मी प्रकरण तपासले' असं लिहिलं. आमच्या वरिष्ठ लिपिकांनी लाल शाईने 'मी' खोडला आणि वर लिहिलं, 'प्रकरण तपासण्यात आले'. चहाच्या वेळी म्हणाले, "टिपणीत 'मी' लिहिलास तर उद्या चौकशीत तूच सापडशील."

सल्ला खोटा नव्हता. मग 'सदर', 'उपरोक्त', 'विषयांकित प्रकरणी', 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर' हे सगळं हाताला असं बसलं की किराण्याची यादी लिहितानाही समास सोडायचो. 2005 मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. त्यानंतर एका अर्जदाराने आमच्याच पत्रातली ओळ अधोरेखित करून विचारलं होतं, "'निर्णय घेण्यात आला' म्हणजे कोणी घेतला?" उत्तराला 30 दिवसांची मुदत. मी मसुदा केला : 'सदर निर्णय सक्षम प्राधिकाऱ्याकडून घेण्यात आला आहे.' तेव्हा यात हसण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

पुष्कळ जण याचं खापर कर्मणी प्रयोगावर फोडतात. ते बरोबर नाही. 'आईने भाकरी केली' हाही कर्मणीच. क्रियापद भाकरीप्रमाणे चालतं, पण आई वाक्याच्या तोंडाशी बसलेली असते. 'रावण रामाकडून मारला गेला' हे वळण इंग्रजीवरून आलं, व्याकरणाची पुस्तकं त्याला 'नवीन कर्मणी' म्हणतात. त्यातही रामाला निदान 'कडून' लावून मागच्या दाराने आत घेतात. 'करण्यात आले' म्हटलं की तेवढीही गरज उरत नाही. राम गेला, वानर गेले, रावण मात्र मेलेला.

आता ही उणीव कळली कशी, ते सांगतो. आई गेली, त्याच्या पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं भावंडांनी ठरवलं. लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे, कारण घरात 'लिहिणारा' मीच. चार पानं लिहिली आणि आधी अक्काला वाचून दाखवली. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शिक्षण आठवीपर्यंत. ती शेंगा फोडत ऐकत होती.

मी वाचलं, "पहाटे चार वाजता उठून सर्वांसाठी भाकऱ्या करण्यात येत असत. मुलांच्या शिक्षणाकडे विशेष लक्ष पुरवण्यात येत असे."

अक्का म्हणाली, "कोण करायचं भाकऱ्या?"

"आई. आणखी कोण?"

"मग तसं लिही की. हे वाचून वाटतंय, वरून ऑर्डर निघायची आणि भाकऱ्या व्हायच्या."

राग आला, पण घरी येऊन पुन्हा लिहायला बसलो. प्रत्येक 'करण्यात आले' शोधून त्याला कर्ता द्यायचा, एवढंच ठरवलं. काम वाटलं होतं त्याहून जड गेलं. 'शेजारून ताक आणण्यात येत असे.' कोण आणायचं? आठवेना. 'फी वेळेवर भरण्यात येत असे.' कोण भरायचं? वडील तर तेव्हा मुंबईला गिरणीत होते, मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. 'आजीची शुश्रूषा करण्यात आली.' इथे तर पेन बराच वेळ तसंच हातात राहिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला सगळं माहीत आहे आणि मी ते फक्त जरा कोरडं लिहितो.

जिथे आठवेना तिथे सरसकट 'आई' घातलं आणि वर थोडा रंगही चढवला. आई उठायची, चूल पेटवायची, भाकऱ्या थापायची, डोळ्यांतला धूर पदराने पुसायची. (हा माझा दुसरा दोष : 'सदर' सुटला की मी थेट पदरावर जातो. मधला रस्ता अजून सापडलेला नाही. शिवाय सगळी वाक्यं 'यची'वर संपून खडखडतात, तेही वाचणाऱ्याला जाणवत असणारच.)

दुसऱ्या रविवारी पुन्हा अक्काकडे गेलो. या वेळी तिने मधे तोंड घातलं नाही. मी थांबलो तेव्हा शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"चांगलं झालंय. पण भाकऱ्या आई नव्हती करत."

"म्हणजे?"

"पहिल्यांदा करायची. मी आठवी झाले, शाळा बंद केली, तिथून पुढं मीच करत होते. आई तोवर मळ्यात गेलेली असायची. तू तेव्हा तिसरी-चौथीत होतास. माझ्याच हातची भाकरी डब्यात नेत होतास की."

"आणि ताक?"

"ताकही मीच आणायची. आता हे पुस्तकात घालू नकोस, आईचं पुस्तक आहे."

मी घातलं. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर ते वाक्य आहे : 'भाकऱ्या अक्का करायची.' मुद्रितं तपासायला धाकट्या भावाकडे पाठवली, तेव्हा त्याने समासात पेन्सिलीने लिहून विचारलं होतं, "नक्की?"