आधी पाणी बघ, मग औषध

अरे, एका रात्रीत टाकीतले तीन गप्पी मासे मेले म्हणून लगेच माशांचं निळं औषध ओतू नकोस. मेलेले आधी काढ. कुजले की पाण्यात माशांना विषारी असा अमोनिया वाढतो. उरलेले वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत? मग दोष बहुधा पाण्याचाच. पाव टाकी पाणी बदल, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटीक्लोरीन घालूनच. एअर पंप चालू, दोन दिवस खाणं बंद. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नकोस, टाकीतून काढलेल्या पाण्यात पीळ, नाहीतर त्यातले पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मरतात. पहिल्या वर्षी मी तो चकाचक धुतला आणि आठवड्यात सगळे मासे मेले, टाकी रिकामी! शिवाय नाशिकची डिसेंबरातली थंडी ठाऊक आहेच, गार पाण्यात मासे आजारी पडतात. माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले, तर मात्र औषध हवंच, आणि हीटर हळूहळू २८ अंशांवर ने.