अमेरिकेत फिजिओथेरपीचा परवाना एका राज्यात मिळाला की सगळीकडे चालतो का? आणि नूतनीकरणासाठी पुन्हा शिकावे लागते, हे खरे आहे का?

एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. आणि बहुतेक राज्यांत नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे ठरावीक तास पूर्ण करावेच लागतात. तुम्ही लिहिले आहे की नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.टीएच. झाली आहे, महाराष्ट्राच्या परिषदेची नोंदणी आहे, आणि एका एजंटने ‘आधी परीक्षा देऊन टाका, राज्याचे नंतर पाहू’ असे सांगितले आहे. मीही महाराष्ट्रातच शिकले आणि सध्या टेक्सासमध्ये काम करते. हा सल्ला मला काळजीचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत फिजिकल थेरपिस्टला, म्हणजे आपल्याकडच्या फिजिओथेरपिस्टला, परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे नसून प्रत्येक राज्याच्या बोर्डाकडे आहे. परवान्यासाठी द्यावी लागणारी एनपीटीई ही परीक्षा मात्र देशभर एकच असते. सर्व राज्यांच्या बोर्डांचा एक महासंघ आहे, एफएसबीपीटी, तो ती घेतो. ती वर्षातून चार वेळा, ठरलेल्या तारखांनाच होते. उत्तीर्ण होण्यासाठी 200 ते 800 या मोजपट्टीवर 600 गुण लागतात, बारा महिन्यांत तीनदाच बसता येते आणि आयुष्यभरात सहा वेळा. पण या परीक्षेचा अर्ज भरतानाच कोणत्या राज्यासाठी बसत आहात हे सांगावे लागते, आणि परदेशी पदवीधरांकडून कोणती कागदपत्रे हवीत, कोणत्या संस्थेचे मूल्यांकन चालेल, सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकार देते तो ओळख क्रमांक) नसेल तर काय, हे प्रत्येक राज्य आपापल्या परीने ठरवते. म्हणून राज्य आधी ठरवा आणि त्या बोर्डाच्या संकेतस्थळावरचे परदेशी पदवीधरांसाठीचे पान स्वतः वाचा. एजंटने वाचून सांगितलेले पुरेसे नाही.

सर्वांत जास्त वेळ जातो तो पदवीच्या मूल्यांकनात. एफसीसीपीटी ही संस्था तुमच्या अभ्यासक्रमाची अमेरिकेतील अभ्यासक्रमाशी विषयवार तुलना करते. पहिल्यांदाच परवाना घेणाऱ्यांसाठी सहसा अमेरिकेत सध्या लागू असलेले निकष त्यासाठी वापरले जातात. गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाचा तपशील विद्यापीठाकडून किंवा महाविद्यालयाकडून थेट त्यांच्याकडे जावा लागतो, आणि तेथे प्रश्न येतो तासांचा: व्याख्याने किती, प्रात्यक्षिके किती, रुग्णालयातील पोस्टिंग कोणत्या विभागात किती. आपल्या गुणपत्रिकेवर हे काहीच नसते. महाविद्यालयाच्या कार्यालयातून तासांचा तपशील शिक्क्यासह तयार करून घेणे हे काम भारतात असतानाच, ओळखीचे शिक्षक तेथे आहेत तोवर उरका. आपल्या पदवीत मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचे विषय कमी पडतात, त्यामुळे तेवढे क्रेडिट भरून काढायला सांगितले जाऊ शकते. ते सीएलईपीच्या, म्हणजे वर्गात न बसता महाविद्यालयीन क्रेडिट मिळवून देणाऱ्या, परीक्षा देऊन किंवा एखाद्या महाविद्यालयाचे विषय घेऊन भरता येतात. याशिवाय 1996 च्या स्थलांतर कायद्यानुसार व्हिसासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते. ते परवान्याच्या ऐवजी चालत नाही आणि परवानाही त्याच्या ऐवजी चालत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. परीक्षेत आलेले प्रश्न आठवून लिहिलेल्या फाइल्स तुम्हाला कोणीतरी पाठवेल. त्या उघडूही नका, पुढे पाठवणे तर दूरच. जुलै 2010 मध्ये याच कारणावरून एफएसबीपीटीने भारत, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि इजिप्त येथील संस्थांच्या पदवीधरांसाठी ही परीक्षा थांबवली, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वर्षातून एकदाच होणारी वेगळी परीक्षा आणली. स्वतःच्या बळावर अभ्यास करणाऱ्यांनाही त्याची झळ बसली. सर्वांना ठरावीक तारखांना एकत्र बसवण्याची आजची पद्धत त्यानंतर आली.

आता नूतनीकरणाकडे वळते. टेक्सासमध्ये दर दोन वर्षांनी निरंतर शिक्षणाची 30 युनिट लागतात, आणि त्यांत राज्याच्या कायद्यावरील चाचणीचा समावेश असतो. कॅलिफोर्नियात दोन वर्षांना 30 तास, त्यांपैकी 2 तास नीतिनियम व कायद्यांचे आणि 4 तास जीवरक्षक उपचारांचे. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांना 36 तास. फ्लोरिडात दोन वर्षांना 24, आणि त्यांत वैद्यकीय चुका टाळण्याचे 2 तास सक्तीचे. आकडे आणि सक्तीचे विषय अधूनमधून बदलतात, तेव्हा प्रत्येक नूतनीकरणापूर्वी बोर्डाचा नियम नव्याने वाचावा. स्वस्तातला ऑनलाइन कोर्स तुमच्या राज्याला मान्य आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, कारण बोर्ड काही जणांना निवडून त्यांच्याकडे पुरावा मागते.

हे तास कसेबसे भरून काढणारे मी पाहिले आहेत आणि मला ते पटत नाही. चक्कर येणाऱ्या रुग्णांवरील उपचारांचा एक प्रात्यक्षिकासह कोर्स मी याच तासांसाठी केला होता. अंथरुणात कूस बदलताच खोली फिरते म्हणून खुर्चीत बसून झोपणाऱ्या एक आजी त्यानंतर माझ्याकडे आल्या. डोके 45 अंशांत वळवून त्यांना झटकन आडवे केले, तेव्हा डोळ्यांची बुबुळे अपेक्षित दिशेने थरथरू लागली. कानाच्या आतील सुटे झालेले कॅल्शियमचे कण भलत्या नलिकेत गेल्याची ती खूण होती. ठरलेल्या क्रमाने डोके आणि अंग फिरवत ते कण परत जागेवर आणण्याची एप्ली पद्धत मी केली, आणि पुढच्या भेटीत त्या पलंगावर झोपल्याचे सांगत होत्या. पदवीच्या काळात हे मी पुस्तकात वाचले होते, पण हाताला येत नव्हते. म्हणून एकूण तासांपैकी निदान निम्मे तरी रोजच्या रुग्णांना लागणाऱ्या विषयांवर, प्रत्यक्ष हाताने शिकवणाऱ्या कोर्सवर खर्च करा असे मी म्हणेन, जरी ते महाग पडले तरी.

पुढे राज्य बदलण्याचा विचार असेल तर पीटी कॉम्पॅक्टची माहिती घ्या. हा राज्याराज्यांमधील करार असून 2018 पासून त्याखाली परवानग्या दिल्या जात आहेत. ज्या सदस्य राज्यात तुम्ही राहता त्याचा निर्वेध, म्हणजे कसलेही निर्बंध नसलेला, परवाना असेल, तर दुसऱ्या सदस्य राज्यात काम करण्याची परवानगी शुल्क भरून मिळते. काही राज्ये आपल्या कायद्याची चाचणीही घेतात. निरंतर शिक्षणाचे तास मात्र राहत्या राज्याच्या नियमानेच मोजले जातात. सगळी राज्ये या करारात नाहीत, म्हणून पहिले राज्य निवडताना ते सदस्य आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या.