जून उजाडायच्या आत बसा

ताई, तुम्ही आणि लेकीचे बाबा वेगळे राहता, लेक दोघांकडे असते. ती यंदा पहिलीत, म्हणजे तिने कधी कुणाकडे राहायचं हे बालवाडीच्या वेळा धरून ठरवलेलं आता पुरणार नाही. शाळा सुरू व्हायच्या आत दोघं बसा. वार्षिक कॅलेंडर समोर ठेवून गणपती, दिवाळी आणि मेची सुट्टी आधी वाटून घ्या.

खरा विचार रविवारी रात्री बाबांकडून परत येण्याचा करा. तुम्ही ठाण्यात, बाबा नेरुळला. एरवी ट्रान्स-हार्बर लोकलने अंतर फार नाही, पण जुलैत गाड्या रखडल्या की पोर पेंगुळून उशिरा घरी येतं आणि सोमवारी सकाळची शाळा. एक तर रविवारी संध्याकाळी पाचलाच आणून सोडायचं ठरवा, नाहीतर सोमवारी बाबांनी थेट शाळेत सोडावं. मला दुसरं जास्त पटतं. दारातला रडवेला निरोप टळतो. फक्त मग गणवेश आणि पीटीचे पांढरे बूट दोन्ही घरी हवेत.

शाळेच्या फॉर्मवर दोघांचे नंबर द्या. व्हॅनवाल्या काकांना कुठल्या दिवशी कोण उतरवून घेणार ते सांगा. आणि कळकळीने सांगते, निरोप लेकीच्या तोंडी पाठवू नका, अगदी फीचासुद्धा. तिला दोघांचे चेहरे वाचत बसावं लागतं.

कोर्टात संमतीच्या अटी, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटी, दिल्या असतील तर मोठे बदल नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली मुलांच्या ताब्याचे आदेश कोर्ट पुढेही बदलू शकतं. वकिलांशी बोलून दोघांच्या सहीने अर्ज करा.