गाडी अडकली आणि अनोळखी माणूस म्हणाला, "घरी चला"

तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. जुलैत आईला घेऊन मुंबईहून कुडाळला निघालात. पुढे दरड आली म्हणून गाडी खेडला थांबवली आणि रात्र फलाटावर गेली. स्टेशनबाहेरचा एक रिक्षावाला दोनदा येऊन म्हणाला, "आईंना घरी आणा, दोन घास खातील, पाठ टेकतील." तुम्ही दोन्ही वेळा "नको, आम्ही ठीक आहोत" म्हणालात. पहाटे आईची साखर उतरली, हात थरथरायला लागले आणि शेजारच्या बाकावरच्या बाईंच्या डब्यातल्या लाडवाने वेळ निभावली. आता तुम्ही विचारताय की अशा वेळी मदत घ्यायची कशी, विश्वास कुणावर ठेवायचा, पैसे द्यायचे की नाही, आणि "कुणाचं काही घ्यायची सवय नाही" हा स्वभाव बदलतो का.

मी चिपळूणचा. पावसात गाड्या अडकल्या की आमच्याकडून चहाची पातेली, खिचडीचे टोप स्टेशनवर जातात. त्यांना हात लावणाऱ्यांत बरीच वर्षं मीही आहे. शिवाय घरीही माणसं आणली आहेत. म्हणून देणाऱ्याला हा प्रकार कसा दिसतो ते सांगतो. त्यातच तुमचं बरंचसं उत्तर आहे.

आधी गाडीचं. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग अजून बहुतेक एकेरी आहे. रोहा ते वीर एवढ्या तुकड्याचं दुहेरीकरण २०२१ मध्ये झालं. एकेरी मार्गावर एका ठिकाणी माती आली की जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्याच गाड्या जिथल्या तिथे. पुणे-मिरज-लोंढा-मडगाव अशी वळणवाट आहे, पण तिचा उपयोग मागे असलेल्या गाड्यांना. खेडपर्यंत आलेल्याला ती असून नसल्यासारखी. १४ जुलै २०२४ ला संध्याकाळी खेडजवळच्या दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ माती रुळांवर आली, तेव्हा मार्ग मोकळा व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. म्हणजे जवळजवळ चोवीस तास. माती उपसत असताना वरून आणखी येत असते, पाऊस थांबत नाही, त्यामुळे नक्की वेळ स्टेशनमास्तरलाही माहीत नसते. तो "थोड्या वेळात कळेल" म्हणतो ते खोटं नसतं, पण त्यावर रात्रीचं जेवण सोडू नये.

फलाटावर मी वर्षानुवर्षं बघतोय की लोक उपाशी राहतात ते अन्न नसतं म्हणून नव्हे. "आत्ता सुटेल" या आशेवर राहतात. आठ वाजता खिचडी नको असते कारण नऊला गाडी सुटणार असते. अकरा वाजता हवी असते, तोवर टोप घासून झालेला असतो. माझा नियम साधा आहे: समोर दरड आहे असं कळलं आणि तासभरात ठोस काही समजलं नाही, तर आजचा बेत मोडला असं धरून चालायचं. गाडी सुटलीच तर उत्तम, खाल्लेलं काही वाया जात नाही.

आता "नको" बद्दल. आपल्याकडे पहिलं "नको" हे उत्तर नसतंच. चहा घ्या म्हटलं की नको, बसा म्हटलं की नको, मग यजमान तीनदा आग्रह करतो आणि आपण "बरं, अर्धा कप" वर येतो. घरी हे छान चालतं. पण फलाटावर दोन-अडीचशे माणसं असतात आणि हातात टोप असलेला माणूस एक असतो. तो तिसऱ्यांदा विचारायला थांबत नाही. तुमचा रिक्षावाला दोनदा आला, हेच खूप झालं. तिसऱ्यांदा आला नाही म्हणून त्याचं मनापासून नव्हतं असं समजू नका. तुमचं "ठीक आहोत" त्याने खरं धरलं, आणि तशाच अवस्थेतल्या दुसऱ्या कुणाला तरी घेऊन गेला असेल. अशा रात्री पहिल्यांदा विचारलं की पहिल्यांदाच "हो" म्हणायचं. काही नको असेल तर "जेवण नको, पण आईला जरा आडवं व्हायला जागा मिळेल का?" असं म्हणायचं.

हे नेमकं सांगणंच बहुतेकांना जड जातं. एकदा गाडी अडकली असताना एक तरुण मुलगी तान्हं बाळ कडेवर घेऊन आमच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "काका, मला बाकी काही नको. एवढं दूध कोमट करून द्या आणि ही बाटली उकळत्या पाण्यात घालून द्या." दहा मिनिटांत काम झालं, ती खूश, आम्ही खूश. त्याच रात्री एक गृहस्थ घरी आले होते. अत्यंत सज्जन माणूस, पण दर पाच मिनिटांनी "तुम्हाला फार त्रास दिला हो" चालूच. पाणी दिलं तरी तेच, चादर दिली तरी तेच. त्यांना काय हवंय ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. पहाटे बायकोच्या लक्षात आलं की त्यांना पंखा सोसत नाही, रात्रभर कुडकुडत बसले होते. एक शब्द बोलले असते तर बटण बंद करायला काय लागत होतं? तिचं म्हणणं असं की त्यांची समजूत घालण्यातच तिची रात्र गेली, स्वयंपाकाचं तर काहीच नव्हतं, पिठी-भात टाकला होता.

मदत घेणाऱ्याचं ओशाळेपण देणाऱ्यालाच सांभाळावं लागतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा "बरं झालं तुम्ही भेटलात" म्हणा आणि विषय सोडा. हात रिकामे बसवत नसतील तर स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलायला घ्या. आमच्याकडे आलेल्या सांगलीकडच्या एका मावशींनी येताच विळी मागितली, नारळ खवला आणि बोलता बोलता घरच्यांची सगळी नाती विचारून घेतली. त्या पाहुण्या आहेत हे आम्ही अर्ध्या तासात विसरलो.

विश्वासाचं मात्र डोळे मिटून करू नका. मी स्वतः काय बघतो ते सांगतो. चारचौघांत, स्टेशनमास्तर किंवा पोलिसांच्या देखत विचारणारा माणूस आणि कोपऱ्यात गाठून हळू आवाजात विचारणारा माणूस यांत फरक असतो. घरी नेणाऱ्याला "घरी कोण कोण असतं?" हे सरळ विचारावं. गावातला माणूस लगेच बायकोला फोन लावून तुमच्या हातात देतो. रिक्षाच्या नंबरपाटीचा फोटो त्याच्यासमोर काढा आणि घरी पाठवा. चांगल्या हेतूचा माणूस रागावत नाही, उलट "माझा नंबरपण लिहून घ्या" म्हणतो. शक्य तर डब्यातल्या आणखी एका कुटुंबाला बरोबर घ्या, बाई एकटी असेल तर हे नक्कीच. आणि जो घाई करतो, सामान मागून आणतो म्हणतो, बरोबरच्या माणसांपासून तुम्हाला वेगळं करायला बघतो, तिकिटाचे पैसे परत मिळवून देतो म्हणून मोबाइल किंवा ओटीपी मागतो, त्याला स्वच्छ नाही म्हणा. तिथे भीड नको.

गाडी स्टेशनात नसून पाण्यात उभी असेल तर सगळाच हिशोब वेगळा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. सुमारे १,०५० प्रवासी आत होते. त्यांना डब्यातून उतरू नका असंच सांगितलं होतं आणि मग एनडीआरएफ, नौदल, आजूबाजूचे गावकरी असे सगळे मिळून बोटींनी त्यांना बाहेर काढलं. अशा ठिकाणी कुणी कितीही प्रेमाने "चला, कंबरेएवढंच पाणी आहे" म्हटलं तरी पाऊल खाली टाकायचं नाही.

आता एक गोष्ट जरा कडक वाटेल. मदत आणि हक्क यांची आपल्याकडे फार सरमिसळ होते. खिचडी वाढणाऱ्या पोरांवर "अजून लोणचं नाही का?" म्हणून ओरडणारे मी पाहिलेत. तेच लोक तिकीट खिडकीवर जाऊन हक्काचा प्रश्न विचारायला कचरतात. खरं तर उलट हवं. पुढची सोय काय केली आहे, एसटी सोडणार का, कुठून सोडणार, हे स्टेशनमास्तरला पुन्हा पुन्हा विचारायचं. दिवाणखवटीच्या वेळी प्रवाशांसाठी एसटी बसगाड्या लावल्या होत्या, पण फलाटाच्या टोकाला झोपलेल्यांना ते उशिरा कळलं. रेल्वेच्या १३९ वर फोन करून तक्रार नोंदवता येते, तब्येतीची अडचणही सांगता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८. तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनातच गाडीला तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि तुम्ही जाणार नसाल, तर गाडी तिथून सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे भाडं परत मागायचा अर्ज, भरा, पूर्ण भाडं परत मिळतं. हे कुणाचे उपकार नाहीत, इथे संकोच कसला?

पैशांचं विचारलंत. रिक्षाने नेलं तर भाडं द्या, आणि बसायच्या आधीच विचारा, म्हणजे दोघांनाही नंतर अवघड होत नाही. कुणी स्वतःच्या गाडीतून पन्नास-साठ किलोमीटर सोडलं तर वाटेत पेट्रोल भरायला पंपावर स्वतः पुढे व्हा. घरात जेवलात, राहिलात, तर यजमानाच्या हातात नोट कोंबू नका. तो दुखावतो, मग दारात दहा मिनिटं नोटेची ओढाताण चालते आणि सगळ्या रात्रीचा विचका होतो. लहान मूल असेल तर त्याच्या हातावर खाऊला द्या, किंवा देवापुढे ठेवा. देवापुढे ठेवलेलं आमच्याकडे कुणी परत करत नाही. स्टेशनवर वाटप करणारी मंडळं असतात, त्यांना विचारून बिस्किटांचा खोका किंवा पाण्याच्या बाटल्या आणून दिल्यात तर रोख पैशांपेक्षा बऱ्या. लगेच वापरल्या जातात आणि हिशोबाची कटकट नाही.

स्वभाव बदलतो का? माझा अनुभव २२ जुलै २०२१ चा. वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमचं खालचं घर पूर्ण गेलं. ज्या टोपांतून आम्ही स्टेशनवर खिचडी न्यायचो ते कुठे वाहून गेले कुणास ठाऊक. दोन दिवसांनी बाहेरगावची पोरं दारात उभी राहिली. कुठून आलात विचारलं तर कुणी कोल्हापूरचं, कुणी पुण्याचं. माझ्या तोंडात "नको, आम्ही बघतो" आलंच होतं. तोवर बायको आतून म्हणाली, "कपडे नकोत, ते खूप आलेत. खराटे, फावडी आणि फिनेल आहे का?" होतं. घरात पाऊण हात चिखल बसला होता, तो त्या पोरांनी दुपारपर्यंत अंगणात ओढला. गावभर तेव्हा जुन्या साड्यांचे ढीग पडले होते आणि खराट्यासाठी मारामार होती. ज्यांनी तोंड उघडून सांगितलं त्यांची घरं आधी साफ झाली. त्यानंतर मला मागायला फारसं काही वाटत नाही. तुमच्यावर पूर यावा असं मी म्हणणार नाही. लहान गोष्टींपासून सुरुवात करा. पुढच्या प्रवासात वरच्या बर्थवर बॅग चढवायला शेजाऱ्याला सांगा, चार्जर मागा. हे क्षुल्लक वाटेल, पण ज्याला चार्जर मागता येत नाही त्याला मध्यरात्री आईसाठी खाट मागता येत नाही.

आईंबद्दल एक वेगळं सांगतो. त्या पिढीला "खाणार का?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. त्यात मुलगा नको म्हणतोय हे दिसलं की त्या भूक लागली तरी बोलत नाहीत, तुमची पंचाईत नको म्हणून. विचारू नका, पान समोर ठेवा. आणि मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना जेवण लांबलं की साखर उतरू शकते. "यांना शुगर आहे, आता काहीतरी खायला हवं" एवढं वाक्य मोठ्याने म्हटलंत तर अख्खा डबा डबे उघडतो. तुमच्यासाठी मागायला लाज वाटत असेल तर तिच्या नावाने मागा, सुरुवातीला चालतं.

त्या लाडूवाल्या बाईंचा नंबर घेतलाय असं तुम्ही लिहिलंय. मग फोन करा, आईंनाच बोलू द्या. भेटवस्तूंचं कुरिअर वगैरे लगेच नको, त्यांना उगाच फेडल्यासारखं वाटेल. गणपतीला त्याच मार्गाने जाणार असाल तर पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरपर्यंत असतं हे लक्षात ठेवा. गाड्या हळू चालतात, वेळा बदललेल्या असतात. आईंच्या गोळ्या, खडीसाखर आणि चार चिक्क्या त्यांच्या स्वतःच्या हातातल्या पिशवीत असू द्या. सीटखाली साखळीने बांधलेल्या बॅगेत ठेवलेलं काही रात्री सापडत नाही. आणि चिपळूणला अडकलात तर इथे संदेश टाका. स्टेशन गावापासून जरा लांब आहे, पण रिक्षा पाठवता येते.