मोंढ्यातल्या टॅलीला केवढा सर्व्हर लागतो?

प्रश्न : उदगीरच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) आमची आडत आहे. कॉम्प्युटर सहा. टॅलीचा डेटा मुनीमजींच्या जुन्या कॉम्प्युटरवर, बाकीचे पाच त्यालाच जोडलेले. सोयाबीनची आवक वाढली की एक पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) निघेपर्यंत शेतकऱ्याचे दोन चहा होतात. विक्रेत्यानं दोन प्रोसेसरचा रॅक सर्व्हर आणि सहाही कॉम्प्युटर नवे, असं कोटेशन दिलंय. घ्यावं का?
— एक आडतदार, उदगीर

उत्तर : नका घेऊ. सहा जणांच्या टॅलीला दोन प्रोसेसर कशाला? शिवाय रॅक सर्व्हरचे पंखे असे ओरडतात, की गादीवर बसून फोनवर भाव बोलायची सोय राहणार नाही.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा. गर्दीच्या वेळी मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. मग नेटवर्कचा वेग बघा. १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसला, तर स्विच (सगळे कॉम्प्युटर जोडणारा डबा) जुना आहे किंवा केबलमध्ये गडबड आहे. एकाच केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोन एका कॉम्प्युटरला, दोन दुसऱ्याला देऊन वायरमननं केबल वाचवलेली असते. गिगाबिटला चारही लागतात. नवी कॅट-६ केबल घेताना तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. सरळ परत करा.

सर्व्हर घ्यायचाच तर एका प्रोसेसरचा टॉवर (उभ्या डब्याचा), १६ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम, आणि रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवणाऱ्या, दोन एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क). एक गेली तरी दुसरीवर काम चालतं. पण याला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून एकदमच जाते, व्हायरसही दोन्ही डिस्क एकदमच खातो. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून घरी न्या. विंडोज ११ प्रो एका वेळी २० जोडण्या घेतं, त्यामुळं तुम्हाला विंडोज सर्व्हरच्या लायसन्सचीही गरज नाही. कोटेशनमध्ये ती ओळ असेल तर खोडा.

वाचलेला पैसा विजेवर घाला. सर्व्हरला ऑनलाइन (वीज असतानाही सतत आपल्यामार्फत पुरवठा देणारा) यूपीएस हवा, आणि लेझर प्रिंटर त्यावर चुकूनही लावू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर आधी अर्थिंगचा खड्डा दुरुस्त करा, मग मशीन आणा. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर सर्व्हर ठेवायचा नाही; मे महिन्यात तिथं माणूस थांबत नाही. धान्याची धूळ पंख्यात बसते, ती महिन्याला ब्लोअरनं काढा.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टची नियमित अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्यात बसणाऱ्यांना एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाका, न बसणारे तेवढे बदला.

आणि हे सगळं आवक मंदावल्यावर करा. सोयाबीनच्या गाड्या रांगेत उभ्या असताना स्विचला हातही लावू नका.