पोरं जेवतात कधी?

"मावशी, ताराराणी चौकाजवळ माझं मटण-थाळीचं हॉटेल आहे. वेटर, भटारखाना धरून 14 पोरं. बहुतेक राधानगरी-गगनबावड्याकडची, वीस-बावीसची. सगळ्यांच्या तोंडात मावा. रात्री चपटीशिवाय घास उतरत नाही. व्यसनमुक्तीचा फलक लावला, शपथा घ्यायला लावल्या, गेल्या महिन्यात दोघांना काढलं. शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर साडेबाराला सगळे जेवतात, तेव्हाही समजावतो. आता एकाचे सकाळी हात थरथरतात, ग्लास फुटतात. त्यालाही काढू का?" – एक हॉटेलमालक

दादा, फलक आणि शपथा राहू देत. मी साडेबारापाशी अडकले.

दुपारची गर्दी उरकून पोरं तीनला जेवत असतील. पुढचा घास थेट साडेबाराला. मधले साडेनऊ तास ती रश्श्याच्या वासात उभी, दुसऱ्यांच्या वाट्या भरत. पोट भरलेल्या पाहुण्यालाही आग्रहानं वाढणारं आपलं कोल्हापूर, आणि वाढणारा उपाशी! मला राग आलाय, तो लपवत नाही.

मावा तुम्हाला व्यसन दिसतं, पोरांना तो काम रेटण्यासाठी लागतो. तंबाखूनं भूक मरते, सुपारीनं डोळे उघडे राहतात. गावाकडनं आलेलं नवं पोर पहिल्याच आठवड्यात भुकेनं कळवळतं, तेव्हा एखादा जुना वेटर मायेनंच पुडी पुढं करतो. मग साडेबाराला अंग आंबलेलं, डोकं मात्र टक्क जागं. झोप यावी म्हणून चपटी. रिकाम्या पोटी ती झटकन चढते, म्हणजे थोडक्या पैशात भागतं. 25 वर्षांखालच्याला ही दारू विकायला महाराष्ट्रात बंदी आहे, पण त्या वेळी वय विचारतंय कोण? आणि तुमचा उपदेश सुरू होतो तो नेमका तेव्हा, घोट पोटात गेल्यावर.

उद्यापासून संध्याकाळी साडेसहाला, गिऱ्हाईक यायच्या आधी, सगळ्यांना जेवायला बसवा. भाकरी, आमटी, भात चालेल, पण बसून आणि पोटभर. त्यांच्या पंगतीत तुम्हीही बसा, आणि त्या अर्ध्या तासात व्यसनाचा शब्द काढू नका. धंद्याची वेळ मोडते म्हणू नका. 10 किंवा जास्त कामगार असतील तिथं सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यायची, असं 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात सांगत होता; 2025 मध्ये त्यात बदल झाले, पण पोरांची भूक बदललेली नाही.

आता तो हात थरथरणारा. त्याला काढायचं नाही, आणि "आजपासून बंद" असा दमही द्यायचा नाही. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. सकाळी त्याला सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. स्वतः जा, दुसऱ्या पोरासोबत धाडू नका. आधी काही विचारायचं असेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईन आहे. आणि निघण्याआधी त्याला सांगा, की तुझी जागा ठेवलीय, पगार चालू राहील. घरी काय सांगायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या.