आजोबांचं दुसऱ्या महायुद्धातलं वेब्ली रिव्हॉल्व्हर वारशाने कसं मिळतं?

वारस असलात तरी परवाना आपोआप तुमच्या नावावर होत नाही. आजोबा गेल्यावर शस्त्र घरात ठेवणं शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा ठरू शकतं. आधी पोलीस ठाण्यात फोन करा, मग तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक लिहून घ्याच. गंज काढायला सँडपेपर लावू नका, क्रमांक पुसला तर नवी भानगड.

मग मृत्यू दाखला, जुना परवाना आणि बाकी वारसांची ना-हरकत जोडून अर्ज. खरी अडचण बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची: वेब्लीचे .३८ आणि .४५५ इंच हे बोअर प्रतिबंधित, त्यामुळे निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा नाही, केंद्रीय गृह मंत्रालयाचा. आजोबांचा परवानाच सापडत नसेल, तर आधी वकील गाठा.